आरएची सुरुवात: रिपोर्ट सुधारले, पण पाऊल टेकवत नाही

विभाग: आरोग्य

आर्द्रा, सोमवार, रात्री ९:४२

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर (सांधे सुजवणारा एक संधिवात; यापुढे आरए, प्रत्येक वेळी पूर्ण नाव टंकायला बोटं तयार नाहीत) इथे बरेच धागे आहेत. पण ते सगळे हाताची बोटं, मनगट, गोळ्या आणि पथ्य यांच्याभोवतीच फिरतात. मला पावलांबद्दल बोलायचंय.

निदान होऊन वर्ष व्हायचंय. मेथोट्रेक्सेट (आरएचं औषध) चालू आहे. हातांची सूज जवळपास गेली, मूठ वळते, बरण्यांची झाकणं उघडतात. ईएसआर, सीआरपी (रक्तातून सूज किती ते सांगणाऱ्या तपासण्या) खाली आलेत. तपासणीत "छान, रेमिशनच्या जवळ आलात" (म्हणजे आजार जवळपास शांत झालाय) असं ऐकते आणि लंगडत बाहेर येते. सकाळी पलंगावरून उतरताना चवड्याखाली कुणी खडे पसरून ठेवलेत असं वाटतं. तासाभराने जरा चालवतं, संध्याकाळी पुन्हा ठणका. बूट घातले की करंगळीची बाजू आवळते, काढले तर फरशीवर पाऊल ठेववत नाही.

जाणकारांना आणि भोगणाऱ्यांना विचारायचंय ते असं. आजार आटोक्यात असताना पावलं इतकी का दुखावीत? तुमच्या तपासणीत कुणी मोजे काढायला सांगतं का? आणि पादत्राणांचं काय केलंत?

"गोळ्या बंद करा, सगळं आपोआप जातं" हे ज्यांना सांगायचंय त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. तिथे येऊन भांडेन.

भटकभवानी, सोमवार, रात्री १०:०५

मोजे? माझ्या पहिल्या वर्षात कुणी बूटसुद्धा काढायला लावले नाहीत. खुर्चीत बसायचं, हात पुढे करायचे, दाबून बघितलं की झालं. पाय दुखतात म्हटलं की "वजन थोडं कमी करा".

सविस्तर उद्या लिहिते. धागा चांगला काढलास.

अंशतः_ढगाळ, सोमवार, रात्री ११:३०

मी रुग्ण नाही, माझी बहीण रुग्ण आहे. तिच्यामुळे यातले आकडे वाचत बसायची सवय लागली. "रेमिशनच्या जवळ" हे बहुधा डीएएस-२८ नावाच्या गुणांकावरून म्हटलं जातं. नावातले २८ म्हणजे तपासायचे सांधे: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले १०, बोटांच्या मधले १० आणि दोन गुडघे. बेरीज करून बघा. गुडघ्याच्या खाली एकही सांधा नाही. घोटा नाही, पाऊल नाही.

त्यात दुखरे सांधे किती, सुजलेले किती, ईएसआर किंवा सीआरपी, आणि रुग्णाने स्वतः सांगितलेला "एकूण त्रास ० ते १०० मध्ये किती" हे घालून एक आकडा निघतो. २.६ च्या खाली आला की रेमिशन. म्हणजे दहाही बोटं मुळाशी सुजलेली आहेत, पण ती पायाची आहेत, तर सांध्यांच्या मोजणीत शून्य.

गंमत बघा. याच्या आधीचा मूळ डीएएस होता, त्यात सूज ४४ सांध्यांवर बघायचे आणि पावलं त्यात धरलेली होती. २८ ची आवृत्ती १९९५ ची. ती पटकन होते, आणि पावलांची सूज हाताने ओळखणं खरंच अवघड आहे, इतर कारणांनीही पाय सुजतात. त्यामुळे शेकडो रुग्णांच्या अभ्यासात हा आकडा चांगला चालतो. एकट्या माणसाच्या पावलांना तो न्याय देईलच असं नाही.

आणि हेही बघा: २०१० च्या ज्या निकषांवर आरएचं वर्गीकरण होतं, त्यात पायाच्या दुसऱ्या ते पाचव्या बोटांच्या मुळाचे सांधे मोजतात (अंगठ्याचा वगळतात, कारण तो इतर कारणांनीही दुखतो). एक्स-रेवरची झीज मोजायची जी शार्प-व्हान डर हायडे पद्धत आहे, तिच्यातही पावलं आहेत, कारण हाड कुरतडलं जाण्याची पहिली खूण पुष्कळदा तिथेच दिसते, विशेषतः करंगळीच्या मुळाशी. म्हणजे आजार ठरवताना पाय हवेत, नुकसान मोजताना पाय हवेत, फक्त दर भेटीत नकोत!

एक पळवाट आहे. "एकूण त्रास किती" या प्रश्नाचं उत्तर देताना फक्त हातांचा विचार करू नका. पावलांचा त्रास त्यात धरा. त्या आकड्यात शिरायला पायांना तेवढं एकच खात्रीचं दार आहे.

तिरकस, मंगळवार, सकाळी ७:१५

इतकं गणित कशाला? पाय दुखतात म्हणजे युरिक ॲसिड. माझ्या साडूंचंही असंच होतं. तपासून घ्या आणि रोज सकाळी गवतावर अनवाणी चाला.

आर्द्रा, मंगळवार, सकाळी ८:०२

तपासलंय. नॉर्मल आहे. आणि अनवाणी गवतावर तुम्ही चाला, मी बाकावर बसून बघते.

स्टेथो, मंगळवार, दुपारी २:२०

संधिवातशास्त्राच्या विभागात काम करतो. कुणाचंही निदान इथे बसून करत नाही, पण तिरकसरावांचा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून लिहितो.

गाऊटचा (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचा) झटका साधारणपणे अचानक येतो, बऱ्याचदा रात्री, एका सांध्यात, अंगठ्याच्या मुळाशी सर्वात जास्त. दिवसभरात कळस गाठतो, सांधा लालबुंद होतो, पांघरूण लागलं तरी सहन होत नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. टाचेच्या तळाशी सकाळची पहिली चार पावलं जीव काढतात आणि मग सुटतं, ते बहुधा प्लँटर फॅशिआयटिस, म्हणजे तळपायाच्या पट्टीचं दुखणं. आरएची चाल वेगळी. हळूहळू सुरू होतो, बहुधा दोन्ही पाय, बोटांची मुळं, आणि सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तास, त्याहून जास्त. रक्तात युरिक ॲसिड थोडं जास्त असणाऱ्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून पाय दुखण्याचं कारण ठरवू नका.

चवडा दोन्ही बाजूंनी हलका आवळून बघणं ही जुनी आणि सोपी तपासणी आहे. मुळाचे सांधे सुजले असतील तर माणूस कळवळतो. हाताच्या पंजाला जे करतो तेच पायाला. सूज, हे आवळणं आणि अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, यांपैकी काही असेल तर रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञाकडे, लवकर जावं. युरोपीय शिफारस अशी आहे की लक्षणं सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांत तज्ज्ञाने बघावं आणि ३ महिन्यांत औषध सुरू व्हावं. आरएफ आणि अँटी-सीसीपी या आरएच्या रक्ततपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणून सुटलो असंही समजू नये, तसेही रुग्ण कमी नाहीत.

आता आर्द्राताईंचा मूळ प्रश्न. आजार आटोक्यात दिसूनही पाय दुखण्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ती वेगळी काढावी लागतात. पहिलं, सांध्यात थोडी सूज शिल्लक आहे, पण ती बोटाने लागत नाही आणि इतक्या लहान सांध्यांची सूज सीआरपी वाढवेलच असं नाही. सोनोग्राफीत दिसते. दुसरं, सांधा ठीक, पण चवड्याच्या हाडांच्या मध्ये असलेल्या पिशव्या, म्हणजे बर्सा, सुजल्यात. तिसऱ्या-चौथ्या बोटांत बधिरपणा किंवा करंट आल्यासारखं होत असेल तर लोक त्याला मॉर्टनचा न्यूरोमा (बोटांमधली नस जाड होणं) म्हणून मोकळे होतात. आरएच्या सुरुवातीला तिथे बर्सा सुजलेला असू शकतो, हे लक्षात ठेवावं. तिसरं, घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या स्नायुबंधाचं आवरण सुजलंय. चौथं, सूज खरोखर गेली, पण जाताजाता रचना थोडी बिघडवून गेली. या चौथ्याला गोळी वाढवून उपयोग नाही, आणि पहिल्याला नुसता इनसोल (बुटाच्या आत घालायची आधाराची गादी) घालून उपयोग नाही.

औषध नुकतंच सुरू झालं असेल तर धीर धरा, मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. आणि कुणी इथलं वाचून डोस स्वतः वाढवू नका. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.

आर्द्रा, मंगळवार, दुपारी ३:१०

मनापासून आभार. पहिलं आणि चौथं यात फरक आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सरसकट "औषध लागू पडत नाहीये" असंच धरून चालले होते.

पोटरीवाली, मंगळवार, रात्री ८:४५

फिजिओथेरपिस्ट आहे, आयडीवरून कळलंच असेल. चौथ्या कारणावर लिहिते, कारण माझ्याकडे माणसं तिथे पोचल्यावर येतात, थोडी आधी आली तर बरं.

चवड्याखाली, बोटांच्या मुळाशी, चरबीची एक गादी असते. उभं राहिल्यावर हाडांच्या टोकांवरचा भार ती झेलते. मुळाचा सांधा बराच काळ सुजून राहिला की त्याला खालून बांधून ठेवणारी पट्टी सैल पडते, बोट वर उचललं जातं आणि पुढे वाकतं. बोट वर गेलं की गादी त्याच्या मागोमाग पुढे सरकते आणि हाडाची टोकं थेट कातडीवर येतात. मग घट्टे, भोवऱ्या, आणि ते खडे. अंगठा बाहेरच्या बाजूला झुकायला लागतो. सुरुवातीच्या काळात यातलं फारसं झालेलं नसतं, म्हणून तर तेव्हाच बघायचं! दोन बोटांमधली फट अचानक रुंदावलेली दिसली, उभं राहिल्यावर मधून उजेड दिसायला लागला, तर ती सुजेची खूण असू शकते. फोटो काढून ठेवा, उभ्याने, दर दोनतीन महिन्यांनी. डॉक्टरांना दाखवायलाही बरे पडतात.

दुसरी जागा घोट्याची आतली बाजू. तिथून टिबिअॅलिस पोस्टीरिअर नावाच्या स्नायूचा बंध जातो, पावलाची कमान तो धरून ठेवतो. तो सुजत राहिला तर कमान बसते, टाच बाहेर कलते. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा आणि टाच उचलून बघा. दुसऱ्या पायाला जमतंय आणि याला जमत नाही, किंवा टाच उचलताना आत वळत नाही, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. सपाट झालेलं पाऊल मऊ आहे तोवर आधार देऊन सावरता येतं. ताठर झाल्यावर पर्याय फार कमी उरतात.

आता चाल. दुखतं म्हणून माणूस नकळत चवड्यावर भार टाकत नाही. पावलं आखूड पडतात, टाच उशिरा उचलली जाते, पाऊल बाहेरच्या कडेवर टाकलं जातं. पोटरीला काम उरत नाही, ती बारीक होते. मग सूज गेली तरी चाल तीच राहते, आणि गुडघा-कंबर तक्रार करायला लागतात. म्हणून वेदना जरा कमी झाल्या की पोटरीचं बळ, घोट्याची हालचाल, बोटांचे व्यायाम सुरू करायचेच. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी हलक्या हालचाली पुरे, भार नको.

बुटांबद्दल. बोटांच्या भागात रुंदी आणि खोली दोन्ही लागतात. सगळे रुंदीच बघतात आणि वरून बोटं घासतात. कागदावर उभं राहून पावलाची बाहेरची रेघ काढा, बूट त्यावर ठेवा. रेघ बाहेर दिसली तर बूट घालून बघायचीही गरज नाही. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो. टाच कमी उंचीची, मागचा भाग टाचेला घट्ट धरणारा, नाडी किंवा वेल्क्रो. सोल मधोमध दुमडणारा नको. टोकाकडे किंचित वर वळलेला कडक सोल असेल तर चवडा वाकवावाच लागत नाही, पाऊल त्यावरून गडगडत पुढे जातं. त्याला रॉकर सोल म्हणतात.

आणि एक गोष्ट, जी दहापैकी नऊ जण उलट करतात. चवड्याचा पॅड दुखऱ्या जागेच्या खाली लावायचा नसतो! तो हाडांच्या टोकांच्या मागे, टाचेच्या दिशेला येतो, म्हणजे भार मागच्या भागावर जातो. नेमका दुखतंय तिथे चिकटवला तर खडे आणखी टोचतात.

खिडकीपाशी, बुधवार, सकाळी १०:३०

बायकोला सात-आठ महिन्यांपूर्वी निदान झालं. हात बरेच सुधारलेत, घरातलं काम करते. पण बाहेर पडायचं म्हटलं की काहीतरी कारण निघतं. आधी वाटलं मन लागत नाही, औषधांमुळे थकवा असेल. हा धागा वाचून काल रात्री विचारलं की पाय दुखतात का. म्हणाली, "आता विचारलंस." पुढे काय बोलावं कळलं नाही.

भटकभवानी, बुधवार, दुपारी १:१५

खिडकीपाशी, तिचं काय चाललं असेल ते सांगते.

पाय दुखत असतील तर बाई घराबाहेर पडायच्या आधी डोक्यात नकाशा काढते. किती चालावं लागेल, मधे बसायला कुठे आहे, जिना आहे की लिफ्ट, रांगेत उभं राहावं लागेल का, बरोबरची माणसं किती भरभर चालतात. चालण्यापेक्षा उभं राहणं वाईट, हे निरोगी माणसाला पटवून देणं फार कठीण आहे. चालताना निदान भार हलत असतो. मग कार्यक्रमाला कोणते बूट चालतील हा प्रश्न. जे पायात जातात ते कपड्यांवर शोभत नाहीत, जे शोभतात ते अर्ध्या तासात हातात घ्यावे लागतात. यातून "नकोच जाऊया" येतं. दर वेळी पाय दुखतात हे सांगायचा कंटाळा येतो, म्हणून कारणं निघतात.

आणि हे दिसत नाही. मनगटाला पट्टा बांधला तर लोक विचारतात. बुटाच्या आत काय चाललंय कोण बघणार?

बोलावं काय म्हणताय, तर सल्ला नको. "आज किती चालवेल?" एवढंच विचारा आणि ती सांगेल तितकंच चाला. तिच्या वेगाने. पुढे जाऊन वळून थांबायचं नाही, हा छळ आहे.

मला निदान होऊन बरीच वर्षं झाली. सुरुवातीला पाय कुणी बघितले नाहीत, मीही रेटलं नाही, आता अंगठा पूर्ण कललाय आणि बोटं वर आलीत. शस्त्रक्रियेचं बोलणं चाललंय: अंगठ्याच्या मुळाचा सांधा जोडून स्थिर करायचा आणि बाकीच्या बोटांची हाडं सरळ करायची. घाबरवत नाहीये. आजची औषधं आणि "लक्ष्य ठरवून उपचार" (रेमिशन गाठेपर्यंत औषध बदलत राहायचं) ही पद्धत तेव्हा इतकी रुळलेली नव्हती. नव्या लोकांवर ही वेळ येण्याचं प्रमाण कमी व्हावं.

उभ्याउभ्या, बुधवार, रात्री ९:००

माझं काम शिकवण्याचं, दिवसभर उभं. पायांमुळे नोकरी सोडावी लागेल का याची भीती वाटते. वरिष्ठांना सांगू की नको?

आर्द्रा, बुधवार, रात्री ९:२५

मी सांगितलं. "मला संधिवात आहे" असं मोघम सांगितल्यावर सहानुभूती मिळाली, बाकी काही नाही. "मला सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहता येत नाही, उंच स्टूल हवा" असं सांगितल्यावर स्टूल मिळाला. नेमकं मागा.

पोटरीवाली, बुधवार, रात्री १०:१०

+१. शिवाय एकाच जागी दोन्ही पायांवर सारखं उभं राहण्यापेक्षा एक पाय आलटून पालटून बुटक्या पाट्यावर ठेवा, पायाखाली जाडसर रबरी चटई मिळत असेल तर घ्या. दिवसाच्या पहिल्या दोन तासिका बसून घेता येतात का बघा, ताठरपणा तेव्हाच जास्त असतो.

चालता_बोलता, गुरुवार, सकाळी ६:५०

मी धावायचो. १० किलोमीटर सहज. निदान झाल्यावर घरचे म्हणतात आता सांधे जपायचे, विश्रांती घे. धावणं कायमचं संपलं का?

स्टेथो, गुरुवार, दुपारी १:४०

विश्रांतीचा सल्ला जुना झाला. व्यायामाने आरए भडकतो ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. २०१८ च्या युरोपीय शिफारशींत दाहक संधिवात असलेल्यांनाही नियमित शारीरिक हालचाल सांगितली आहे. फक्त चवड्याचे सांधे आत्ता सुजलेले असताना धावणं शहाणपणाचं नाही, प्रत्येक पावलाला भार तिथेच येतो. तोवर सायकल, पोहणं. सूज गेल्यावर, पावलांचा एक्स-रे बघून, थोडं चालणं थोडं धावणं असं परत सुरू करता येतं. धूम्रपान करत असाल तर मात्र ते कायमचं संपवा. त्याने आजारही बळावतो आणि औषधंही नीट लागू पडत नाहीत.

अंशतः_ढगाळ, गुरुवार, दुपारी ४:१५

पोटरीवाली, थोडा वाद घालतो. इनसोलबद्दल जे अभ्यास वाचले त्यात वेदना कमी होतात असं दिसतं, पण चालण्या-फिरण्याची क्षमता वाढते का याचा पुरावा कच्चा आहे. लोक महागडे इनसोल करून घेतात आणि औषधाच्या पाठपुराव्याकडे दुर्लक्ष करतात, असं नको व्हायला.

पोटरीवाली, गुरुवार, संध्याकाळी ७:३०

पुरावा कच्चा आहे, मान्य. पण कच्चा का, हेही बघा. अभ्यास छोटे, प्रत्येकात इनसोल वेगळा, रुग्ण कधी पहिल्या वर्षातले कधी विसाव्या वर्षातले. आणि मोजायचं कशाने? एचएक्यू ही रोजची कामं किती जमतात ते विचारणारी १९८० पासूनची प्रश्नावली, २० प्रश्न, आठ गट. त्यातल्या चालण्याच्या गटात सपाट जागी चालता येतं का आणि पाच पायऱ्या चढता येतात का, एवढे दोनच प्रश्न. चवडा दुखणारी बाई दोन्ही "थोड्या त्रासाने" म्हणून मोकळी होते. फूट फंक्शन इंडेक्स १९९१ साली आरएच्या रुग्णांसाठीच बनवला, २३ प्रश्न, सगळे पावलांचे: सकाळी किती दुखतं, अनवाणी चालताना किती, बुटात किती, दुखण्यामुळे किती वेळ घरात बसून काढला. तो भरून घेतला की चित्र वेगळं दिसतं. एकच माणूस हातांच्या हिशोबाने बरा आणि पायांच्या हिशोबाने अर्धा अपंग असू शकतो.

औषध आधी, यावर माझं दुमत नाहीच. पण औषधाने सूज जाईल तोवर, आणि गेल्यावरही, माणसाला चालायचंच असतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिकाही सांगते की आरए असून पावलांचा त्रास असलेल्या प्रत्येकाला पोडिअॅट्रिस्टची, म्हणजे पावलांच्या तज्ज्ञाची, तपासणी मिळावी, अधूनमधून पुन्हा व्हावी, आणि गरज असेल तर इनसोल आणि खास पादत्राणंही. "औषध की इनसोल" असा प्रश्नच नाही.

अंशतः_ढगाळ, गुरुवार, संध्याकाळी ७:५०

मोजमापाचा मुद्दा पटला. बहिणीला ती प्रश्नावली द्यायला सांगतो.

तिरकस, गुरुवार, रात्री ९:३०

गवताचं मागे घेतो. पण साडूंचं खरंच युरिक ॲसिड होतं.

स्टेथो, शुक्रवार, सकाळी ११:००

असू शकेल, साडूंना नमस्कार सांगा. :)

काही गोष्टी पुढच्या भेटीपर्यंत थांबत नाहीत, त्या लिहून ठेवतो. एकच सांधा अचानक लाल, गरम, प्रचंड दुखरा आणि सोबत ताप: त्याच दिवशी दाखवा, जंतुसंसर्ग असू शकतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर ताप कमीही येऊ शकतो. पोटरी एकदम सुजून दुखायला लागली: तेही त्याच दिवशी, रक्ताची गुठळी आहे का बघावं लागतं. पाऊल वर उचलता येईना किंवा बोटं बधिर पडली: लगेच. मार न लागता पावलाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी टोकदार दुखणं सुरू झालं, विशेषतः स्टेरॉइड घेत असाल तर: बारीक फ्रॅक्चर असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही. घट्ट्याखाली जखम, पाणी, काळेपणा: वाट बघू नका.

आर्द्रा, पुढचा सोमवार, रात्री ८:१५

आज तपासणी होती. आत गेल्यागेल्या बूट-मोजे काढून बसले, काही बोलायच्या आधीच. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे, मग चवडा आवळला आणि मी खुर्चीतून उठले. सोनोग्राफी लगेच झाली. उजव्या पायाच्या चौथ्या-पाचव्या बोटाच्या मुळाशी सूज शिल्लक आहे, डाव्या घोट्याच्या आतल्या बंधाभोवतीही थोडी. एक्स-रे स्वच्छ. म्हणजे स्टेथोंच्या यादीतलं पहिलं आणि तिसरं, चौथं अजून नाही. औषधात बदल होतोय, पोडिअॅट्रिस्टकडे चिठ्ठीही मिळाली.

"एकूण त्रास किती" ला या वेळी ६० लिहिलं. मागच्या वेळी हातांकडे बघून २० लिहिले होते. डॉक्टर म्हणाले, आकडा वाढला की! म्हटलं, पाय आत्ता मोजायला घेतले.

खिडकीपाशी, पुढचा सोमवार, रात्री ९:०५

अभिनंदन म्हणावं की काय कळत नाही, पण कारण सापडलं हे बरं झालं. आमचीही पुढच्या आठवड्यात आहे. एक विचारायचं होतं. तिच्या तळपायाला दोन घट्टे आहेत, ती घरीच ब्लेडने कापते. मेथोट्रेक्सेट चालू असताना चालतं का?

पोटरीवाली, पुढचा सोमवार, रात्री ९:२०

ब्लेड आजच काढून घ्या. भोवरीच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यातल्या सॅलिसिलिक ॲसिडने आजूबाजूची कातडी जळते आणि जखम भरायला वेळ लागतो. आंघोळीनंतर प्यूमिस दगडाने हलकं घासणं आणि क्रीम लावणं एवढंच घरी. बाकी पोडिअॅट्रिस्टकडे. आणि घट्टा नेमका कुठे आहे त्याचा फोटो काढून न्या, भार कुठे पडतोय ते त्यावरून लगेच कळतं.

खिडकीपाशी, पुढचा सोमवार, रात्री ९:२६

काढून घेतलं. रागावलीय, पण फोटो काढू दिला.